एकलहरे येथील एका परिचारिकेचें दप्तर

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत सनदा, महजर, निवाडपत्रें, खासगी पत्रें व ताळेबंद सांपडतात आणि त्यांवरून संशोधक घराण्याचा इतिहास जुळवितो. परंतु नोकरी करून चरितार्थ चालविणाऱ्या स्त्रीचेंही स्वतंत्र दप्तर असूं शकतें, ही गोष्ट आपल्या मंडळींच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. नाशिकजवळील एकलहरे येथें असें एक दप्तर अलीकडे आमच्या पाहण्यांत आलें. तें एका सेवानिवृत्त परिचारिकाबाईंचें आहे. त्यांत राजकारण नाहीं, लढाई नाहीं, कोणा सरदाराची मोहोर नाहीं. तथापि नोंदणीकृत परिचारिकेचें शिक्षण कसें होई, नोंदणी झाल्यावरही तें पुढें कसें चालू राही, आणि त्या शिक्षणाचा तिच्या पदाशीं कितपत संबंध पोंचे, ह्या तीन प्रश्नांवर ह्या कागदांचा चांगला प्रकाश पडतो. म्हणून त्यांचा परिचय येथें करून देण्याचें योजिलें आहे. बाईंनीं आपलें नांव न छापण्याच्या अटीवर कागद पाहूं दिले. ती अट आम्ही पाळीत आहों, आणि म्हणून ज्या रुग्णालयांत व कचेऱ्यांत त्यांची नोकरी झाली त्यांचींही नांवें देत नाहीं.

एकलहरे हें गांव नाशिकरोडच्या पूर्वेस आहे. बाहेरच्या लोकांस तें माहीत आहे तें तेथील औष्णिक वीजकेंद्रामुळें. ह्या केंद्राचे पहिले संच १९७० च्या सुमारास चालू झाले व त्याभोंवतीं कामगारांची वसाहत उभी राहिली. हा सर्वच टापू नोकरदारांचा आहे. नाशिकरोडला १९२५ साली सरकारी मुद्रणालय आलें व १९२८ साली नोटांचा छापखाना आला. पलीकडे देवळालीची छावणी त्याहून जुनी. विलायतेस परतणारे गोरे शिपाई तेथें जहाजाची वाट पाहत पडून असत, आणि त्या ठिकाणाच्या नांवाचा अपभ्रंश इंग्रजी बोलींत वेडसर मनुष्यास लावण्याचा शब्द होऊन बसला. छावणी म्हटली कीं लष्करी इस्पितळ आलेंच. अलीकडे नाशिक शहराच्या दुसऱ्या अंगास, म्हसरूळ येथें, महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ सालच्या कायद्यानें तें स्थापन झालें आणि राज्यांतील परिचर्येच्या पदवीचीं महाविद्यालयें त्याच्याशीं संलग्न झालीं. तात्पर्य, परिचारिकेचें दप्तर मिळावयाचें तर ह्या टापूंत मिळावें यांत आश्चर्य नाहीं. वीजकेंद्रांत नोकरीस असलेल्या मुलाकडे राहावयास आल्यापासून बाई एकलहऱ्यास आहेत, व त्यांची पत्र्याची पेटीही त्यांच्याबरोबर आली.

पेटींतील कागदांची आम्हीं केलेली वर्गवारी अशी :

लेखांक १. बाईंच्या मावशीचा सुईणपणाचा दाखला व मुंबई इलाख्याच्या नोंदणी मंडळाचें प्रमाणपत्र. हे दोन कागद पेटींतील सर्वांत जुने. घडीवर जीर्ण झाले आहेत, परंतु अक्षर व शिक्का शाबूत आहे.

लेखांक २. बाईंचें स्वतःचें प्रशिक्षण पुरें झाल्याचें प्रमाणपत्र, व त्यासोबत रुग्णालयाचा धातूचा बिल्ला.

लेखांक ३. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचें प्रमाणपत्र. बाई परिचारिका म्हणून व सुईण म्हणून, अशा दोन्ही नात्यांनीं नोंदलेल्या आहेत.

लेखांक ४. विद्यार्थिदशेंतील बाळंतपणांची नोंदवही. नोंदणीपूर्वी प्रत्येक विद्यार्थिनीनें ठरीव संख्येइतकीं बाळंतपणें देखरेखीखालीं करावीं व प्रत्येकाची हकीकत लिहून वरिष्ठांची सही घ्यावी, असा नियम असे. ही वही त्या नियमाचें फळ आहे.

लेखांक ५. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या पावत्या, एका दोऱ्यांत ओंवलेल्या.

लेखांक ६. लहान लहान शिक्षणवर्गांचीं प्रमाणपत्रें. क्षयरोग, कुटुंबनियोजन, शस्त्रक्रियागृहाची व्यवस्था इत्यादि विषयांवरील हे वर्ग कांहीं दिवसांचे, तर कांहीं आठवड्यांचे होते.

लेखांक ७. परिचर्या शिक्षण व प्रशासन ह्या विषयाच्या पदविकेचें प्रमाणपत्र.

लेखांक ८. सेवापुस्तकाची नक्कल, व नांवाच्या फरकाबद्दल कचेरीशीं झालेला पत्रव्यवहार.

एवढे हे आठ लेखांक. ह्यांचा अर्थ लागावा म्हणून नोंदणीची व्यवस्था आपल्याकडे कशी आली, हें आधीं सांगितलें पाहिजे.

आजाऱ्याची शुश्रूषा हें आपल्याकडे नवें शास्त्र नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत ते वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी. उपस्थात्याच्या अंगीं उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग व शुचिता हे चार गुण असावे असें तेथें म्हटलें आहे. परंतु गुणांची यादी वेगळी आणि माणसांची यादी वेगळी. अमुक व्यक्ति हें काम शिकली आहे, तिची परीक्षा झाली आहे, तिचा क्रमांक अमुक आहे, अशी सरकारी वही ठेवण्याची कल्पना अगदीं अलीकडची आहे. न्यूझीलंडनें १९०१ साली परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा केला. इंग्लंडांत तो १९१९ साली झाला. हिंदुस्थानांत मद्रास इलाख्यानें १९२६ साली आरंभ केला व मुंबई इलाख्याचा परिचारिका, सुइणी व आरोग्य-निरीक्षिका यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. लेखांक १ मधील मावशींचें प्रमाणपत्र ह्याच कायद्याखालील आहे. पुढें १९५४ साली मुंबई राज्यानें नवा कायदा केला. भाषावार राज्य झाल्यावर मुंबई, विदर्भ व मराठवाडा ह्या तिन्ही भागांतील निरनिराळ्या कायद्यांच्या जागीं १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा आला. लेखांक ३ हा त्या कायद्याखालील. म्हणजे एकाच पेटींत एकाच घराण्यांतील दोन स्त्रियांच्या हातीं दोन राजवटींचे कायदे आलेले दिसतात. सनदेवर राजाचें नांव बदललें म्हणजे आपण राज्यक्रांतीचा काळ ठरवितों. येथें तसेंच मंडळाच्या नांवावरून राज्यरचनेचा काळ ठरवितां येतो.

कायद्यापूर्वींचा काळ अर्थातच नोंदीवांचून गेला असें नाहीं. २१ फेब्रुवारी १८८८ रोजीं दहा शिक्षित इंग्रज परिचारिका मुंबई बंदरांत उतरल्या. गोऱ्या सैन्याच्या इस्पितळांसाठीं त्या आणविल्या होत्या व त्यांच्या प्रमुखांपैकीं कॅथरिन लॉख ह्या एक होत. लष्करी परिचर्यासेवेचा आरंभ तेथून धरतात. मुलकी बाजूस मुंबईचें कामा इस्पितळ १८८६ साली सुरू झालें. परिचर्येच्या इतिहासाच्या पुस्तकांत, १८९१ साली शिक्षणास आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचें नांव पहिल्या हिंदी परिचारिका म्हणून येतें. प्लेगच्या सांथींत रोग्यांची सेवा करितां करितां सावित्रीबाई फुले यांनीं १० मार्च १८९७ रोजीं देह ठेविला. त्यांचें नांव कोणत्याही नोंदवहींत असण्याचें कारणच नव्हतें, आणि तरीही त्या परंपरेंतून त्यांस वगळणें योग्य होणार नाहीं.

तथापि मराठी मध्यमवर्गांतील स्त्रिया ह्या धंद्यांत कशा आल्या, ह्याचें उत्तर पुण्याच्या सेवासदनांत आहे. १९०९ साली ही संस्था पुण्यास स्थापन झाली. रमाबाई रानडे तिच्या प्रमुख व गोपाळ कृष्ण देवधर तिचे चालक. नाशिककरांस हें विशेष सांगावयास नको कीं माधवराव रानडे यांचा जन्म ह्याच जिल्ह्यांतील निफाडचा, आणि नोकरीच्या निमित्तानें हें दांपत्य कांहीं काळ नाशिकास राहिलें होतें. सेवासदनानें १९११ पासून ससून रुग्णालयांत परिचर्येच्या शिक्षणासाठीं आपल्या विद्यार्थिनी धाडण्यास आरंभ केला. यांत मोठी अडचण जातीची व सोंवळ्याओंवळ्याची होती. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावावयाचा, रक्त व मळ काढावयाचा, रात्रपाळी करावयाची, हें उच्चवर्णीय विधवेनें करावें ही कल्पनाच लोकांस सहन होत नसे. तोंपर्यंत हें काम मुख्यतः ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन व पारशी स्त्रियांकडे होतें, आणि बाळंतपण परंपरागत सुइणीकडे. सेवासदनानें वसतिगृह, देखरेख व प्रतिष्ठा ह्या तिन्हींची सोय केली म्हणून हा दरवाजा उघडला. कायदा मागाहून आला, विश्वास आधीं मिळवावा लागला, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां नोंदणीच्या मूळ कल्पनेकडे वळूं. परिचारिकांची सरकारी नोंदणी असावी कीं नसावी यावर इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा वाद झाला. श्रीमती बेडफर्ड फेनविक ह्या नोंदणीच्या पुरस्कर्त्या, व फ्लॉरेन्स नाइटिंगेल विरोधी पक्षांत. ह्याच नाइटिंगेलबाईंचा हिंदुस्थानांतील खेड्यांच्या आरोग्याविषयीं पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं पत्रव्यवहार होता, हें आमच्या वाचकांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. त्यांच्या विरोधाचें मर्म असें कीं, परीक्षा एकदां होते व वहींत नांव एकदां चढतें, परंतु परिचारिकेचें शील व कौशल्य रोजच्या रोज वाढतें तरी किंवा घटतें तरी. मग वीस वर्षांपूर्वीं घातलेलें नांव आज कशाची साक्ष देणार? ह्याच्या उलट फेनविक पक्षाचें म्हणणें असें कीं, वही नसेल तर शिकलेली व न शिकलेली यांत लोकांनीं फरक कसा करावा? इतिहासानें निकाल दुसऱ्या पक्षाकडून दिला. पण पहिल्या पक्षाचा प्रश्न तसाच उरला.

एकलहऱ्याच्या पेटींतील लेखांक ५, ६ व ७ हे त्या उरलेल्या प्रश्नाचेंच उत्तर आहेत. नूतनीकरणाच्या पावत्या दाखवितात कीं नोंद ही एकदांच घालून सोडून देण्याची गोष्ट राहिली नाहीं. ठराविक मुदतीनें ती ताजी करावी लागते. आरंभीं हें केवळ शुल्क भरण्याचें काम होतें. पुढें भारतीय परिचर्या परिषदेनें त्यास शिक्षणाची जोड दिली. पांच वर्षांत निरंतर शिक्षणाचे १५० तास पुरे करावे असें तिनें नूतनीकरणासाठीं प्रमाण घातलें. ही परिषद १९४७ सालच्या कायद्यानें अस्तित्वांत आली. शिक्षणाची इयत्ता सर्व देशांत एकसारखी असावी व एका प्रांतांतील नोंद दुसऱ्या प्रांतानें मान्य करावी, हा तिचा हेतु. २०२३ साली संसदेनें राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत करून १९४७ च्या कायद्याच्या जागीं नवी व्यवस्था योजिली आहे. नाव बदललें, पण शिकत राहणें हा नोंदीचाच भाग आहे हें तत्त्व त्यामुळें मागें पडलेलें नाहीं. नाइटिंगेलबाई व फेनविकबाई यांचा तंटा अशा रीतीनें पावतीच्या एका चिटोऱ्यावर मिटलेला दिसतो.

शिक्षणाच्या पायऱ्या ज्या क्रमानें बांधल्या गेल्या तो क्रमही पाहण्यासारखा आहे. १९४६ साली भोर समितीनें आपला अहवाल सादर केला तेव्हां साऱ्या देशांत सुमारें ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागें एक. समितीनें १९७१ पर्यंत ५०० लोकांमागें एक परिचारिका हें ध्येय पुढें ठेविलें. त्याच वर्षी, १९४६ साली, दिल्लीस व वेल्लूरास परिचर्येची पदवी देणारीं महाविद्यालयें निघालीं. महाराष्ट्रांत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचें लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय मुंबईस १९६४ साली सुरू झालें, आणि त्याच वर्षी पुण्यास सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचें परिचर्या महाविद्यालय निघालें. नोकरींत असलेल्या परिचारिकांसाठीं निराळी वाट होती. पदविकाधारक परिचारिकेनें मागाहून पदवी घ्यावी अशा उत्तर-मूलभूत अभ्यासक्रमास इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानें १९९४ साली दूरशिक्षणाची जोड दिली. अतिदक्षतेंतील परिचारिका-चिकित्सकांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम २०१६ नंतरचा. म्हणजे १९४६ साली जी शिडी दोन पायऱ्यांची होती, ती सत्तर वर्षांत डॉक्टरेटपर्यंत पोंचली.

आतां ह्या शिडीच्या शेजारीं दुसरी शिडी ठेवावयाची. ती पदांची. महाराष्ट्र सरकारच्या परिभाषेंत नोंदणीकृत परिचारिका प्रथम अधिपरिचारिका होते. लोक तिला सिस्टर किंवा नर्सबाई म्हणतात. तिच्यावर परिसेविका, म्हणजे वॉर्ड सांभाळणारी. तिच्यावर सहाय्यक अधिसेविका व शेवटीं अधिसेविका, जिला जुन्या मंडळींच्या तोंडीं मेट्रन हेंच नांव आहे. ही रुग्णालयाची सरळ वाट झाली. हिला दोन फांटे आहेत. एक शिकविण्याचा, त्यांत पाठ्यनिर्देशिका हें पद. दुसरा गांवोगांवच्या आरोग्यकार्याचा, त्यांत सार्वजनिक आरोग्य परिचारिका. ग्रामीण भागांतील सहाय्यक परिचारिका-प्रसाविका हिची वाट निराळी आहे. सहा महिन्यांचें बढतीचें शिक्षण घेऊन ती महिला आरोग्य-निरीक्षिका होऊं शकते. तिसरी वाट लष्कराची. १९४३ च्या अध्यादेशानें लष्करी परिचर्यासेवेंतील स्त्रियांना अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला, आणि ह्याच सेवेंतील गर्ट्रूड ॲलिस राम ह्या १९७६ साली मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यांत ह्या हुद्द्यास पोंचलेली ती पहिली स्त्री. देवळालीच्या छावणीजवळ राहणाऱ्या मुलींना ह्या वाटेचें आकर्षण असल्यास नवल नाहीं.

ह्या शब्दांचा एक कोश कोणीतरी करावा असें आम्हांस वाटतें. मावशींच्या दाखल्यावर ‘नर्स’ व ‘मिडवाइफ’ हे शब्द आहेत. बाईंच्या सेवापुस्तकांत आरंभीं ‘स्टाफ नर्स’ आहे, मग तेंच पद ‘अधिपरिचारिका’ म्हणून येतें. पद एकच, शब्द दोन. भाषेच्या अभ्यासकास राज्यव्यवहाराच्या मराठीकरणाचा पुरावा येथें आयता मिळतो. जो रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशाचा अभ्यास करितो त्यानें ह्या सेवापुस्तकांकडेही एकदां पाहावें.

असो. दोन शिड्या शेजारीं ठेवल्या म्हणजे कोणासही वाटेल कीं एकीची पायरी चढली कीं दुसरीचीही चढतां येत असेल. एकलहऱ्याचें दप्तर तसें सांगत नाहीं. लेखांक ७ मधील पदविका मिळविण्यासाठीं बाईंनीं घर सोडून मुंबईस दिवस काढले, लहान मूल सासूकडे ठेविलें. पदविका घेऊन त्या परत आल्या त्या त्याच वॉर्डांत, त्याच पदावर. सेवापुस्तकांत त्या पदविकेची नोंद एका ओळीची आहे, व तिच्या पुढील पानावर पद बदललेलें नाहीं. परिसेविका त्या झाल्या त्या पुढें बऱ्याच वर्षांनीं, आणि त्या सेवाज्येष्ठतेनें झाल्या. पदविकेचा उल्लेख त्या आदेशांत नाहीं. शिकविण्याची वाट त्यांस मिळालीच नाहीं. ज्या विद्येसाठीं त्या गेल्या होत्या ती शिकविण्याची होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या एका ओळीच्या नोंदीचें मोल कळतें. आम्हीं त्यांस विचारिलें, मग त्या शिक्षणाचा उपयोग काय झाला? त्या म्हणाल्या, “रात्रपाळीला नव्या मुली येत ना, त्यांना मी शिकवीत असें. त्याची नोंद कुठें होते?”

ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. परंतु संशोधकानें त्यांतून एक इशारा घ्यावा. शिक्षणाच्या इतिहासाचें साधन म्हणून केवळ प्रमाणपत्रांवर विसंबलें तर असें दिसेल कीं परिचारिका उत्तरोत्तर शिकत गेल्या व चढत गेल्या. केवळ सेवापुस्तकांवर विसंबलें तर दिसेल कीं त्या नुसत्या वयानें चढल्या. दोन्ही कागद एका ठिकाणीं असतील तरच खरी हकीकत कळते. ती अशी कीं विद्या व पद ह्यांच्या वाटा बराच काळ निराळ्या चालल्या, आणि विद्येचा लाभ रुग्णास व नवशिक्या मुलींस मिळाला, शिकणारीस मिळाला तो फार उशिरां. एका दप्तरावरून सर्वांचा निवाडा करूं नये हें आम्हांस मान्य आहे. पण निवाडा करण्यासाठीं किती दप्तरें आपण जमविलीं आहेत?

लेखांक ८ मधील पत्रव्यवहार तर आपल्या शास्त्राच्या दृष्टीनें सर्वांत बोलका आहे. प्रशिक्षणाचें प्रमाणपत्र व मूळ नोंदणी माहेरच्या नांवानें, आणि सेवापुस्तक सासरच्या नांवानें. निवृत्तिवेतनाच्या वेळीं एका कचेरीनें अशी शंका काढिली कीं ह्या दोन व्यक्ति निराळ्या असाव्या. जेथें प्रशिक्षण झालें तेथील त्या वर्षांच्या नोंदवह्या पाहाव्या असें ठरलें, तों त्या रद्दींत गेल्याचें समजलें. प्रकरण दोन वर्षें अडलें, आणि तेवढा काळ बाईंस पुरतें निवृत्तिवेतन मिळालें नाहीं. शेवटीं उपयोगी पडला तो नोंदणीचा क्रमांक. मूळ प्रमाणपत्रावर, लग्नानंतर नांव बदलल्याच्या नोंदीवर आणि दोऱ्यांत ओंवलेल्या प्रत्येक पावतीवर तोच एक क्रमांक होता. नांव दोनदां लिहिलें गेलें, क्रमांक एकच राहिला. पावत्या जपून ठेवण्याची खोड मावशींकडून आली, असें बाई सांगतात.

जुन्या कागदांत स्त्रियांचा माग काढणें किती कठीण, हें आपणांपैकीं प्रत्येकास अनुभवानें माहीत आहे. माहेरचें नांव एक, सासरचें दुसरें, आणि पुष्कळ ठिकाणीं तर अमक्याची स्त्री वा अमक्याची मातुश्री एवढाच उल्लेख. पेशवाईंतील कित्येक कर्त्या स्त्रियांच्या वंशावळी याच एका कारणानें अर्धवट राहिल्या आहेत. परिचारिकांच्या नोंदवहीनें, तो तिचा हेतु नसतांही, मराठी स्त्रियांस लग्नानें न बदलणारी अशी एक ओळख दिली. त्यांत एक उणीव होती. परराज्यांत नोकरीस गेल्यावर तेथील परिषदेकडे पुन्हां नोंद करावी लागे व तेथें दुसरा क्रमांक मिळे. आतां भारतीय परिचर्या परिषदेनें संगणकावर देशभर एकच ओळख-क्रमांक देण्याची व्यवस्था केली आहे, म्हणजे तोही धागा सांधला जाईल. परंतु ह्या सोयीबरोबर दुसरें एक संकट येतें. बाईंची सूनही परिचारिका आहे. तिच्या नूतनीकरणाचे सर्व व्यवहार संगणकावर होतात आणि तिच्याजवळ पेटी नाहीं. सासूबाईंचें प्रकरण ज्या चिटोऱ्यांनीं सोडविलें, तसले चिटोरे पुढच्या पिढीजवळ असणार नाहींत. जी वही संगणकांत आहे तिची नक्कल कोणाच्या दप्तरांत राहील, याचा विचार आतांच केला पाहिजे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. कोणाही निवृत्त परिचारिकेच्या घरीं जाण्याचा योग आला तर सनदेइतक्याच आदरानें पुढील वस्तु पाहाव्या : प्रशिक्षणाचें प्रमाणपत्र, बिल्ला, नोंदणीचा कागद, नूतनीकरणाच्या पावत्या, शिक्षणवर्गांचीं प्रमाणपत्रें, सेवापुस्तकाची नक्कल, आणि वर्गमैत्रिणींसह काढलेलें छायाचित्र असल्यास तेंही, मागें नांवें लिहवून घेऊन. पावत्या दोऱ्यांतून सोडवूं नयेत, त्यांचा क्रम हाच पुरावा आहे. टांचण्या गंजतात, त्या तेवढ्या काढाव्या. बाळंतपणांच्या वहींत मात्र परक्या कुटुंबांचीं नांवें व खासगी हकीकती असतात. ती वही जपावी, तिची संख्या व पद्धति यांविषयीं लिहावें, परंतु त्यांतील नांवें कधींही प्रसिद्ध करूं नयेत. लेखांक ४ विषयीं आम्ही अधिक कांहीं लिहिलें नाहीं तें याच कारणास्तव. ज्या रुग्णालयांत जुन्या नोंदवह्या अद्याप शिल्लक आहेत त्यांच्या चालकांस भेटून, निदान विद्यार्थिनींच्या नोंदवह्या तरी रद्दींत जाऊं नयेत असें सांगावें. एका वहीअभावीं एका बाईंचीं दोन वर्षें गेलीं, हें उदाहरण त्यांना सांगितलें तर पुरें होईल.

आम्ही कागद परत करावयास गेलों तेव्हां बाईंनीं ते पेटींत जुन्या क्रमानें ठेवून घेतले. त्यांच्या छायाप्रती आम्हीं घेतल्या आहेत व बाईंची अनुमति असलेला भाग अभ्यासकांस पाहावयास मिळेल. रात्रपाळीस शिकविलेल्या मुलींपैकीं ज्या ज्या त्यांस आठवतात त्यांची यादी बाईंनीं आमच्या सांगण्यावरून करावयास घेतली आहे. जी नोंद कोणत्याही वहींत झाली नाहीं ती अशी उशिरां का होईना होत आहे, व तीस लेखांक ९ असा क्रमांक देऊन आम्ही दप्तरांत जागा राखून ठेविली आहे.